टिपणीसभाऊजींच्या पुंगळ्या

लोक मुलगी बघायला जातात ना, तसे आमचे टिपणीसभाऊजी उल्हासनगरला पुंगळी बघायला जायचे. इस्त्रीचा शर्ट, नीट पाडलेला भांग, खिशात धुतलेला रुमाल. रुमाल स्वतःचं तोंड पुसायला नव्हे, पुंगळीचं तोंड पुसायला. कारण पुंगळी पसंत करायची त्यांची एक रीत होती. ती तोंडाला लावायची, डोळे मिटायचे आणि फुंकायची.

पुंगळी म्हणजे काय ते आधी सांगते. मोटारसायकलच्या सायलेन्सरच्या आत एक भोकाभोकांची लोखंडी नळी असते. धूर तिच्यातून बाहेर पडतो आणि इंजिनाचा आवाज तिथे मवाळ होतो. गॅरेजवाले तिला जाळी म्हणतात. भाऊजी पुंगळी म्हणायचे, म्हणून आमची अख्खी बिल्डिंग पुंगळी म्हणायची. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, मला या वस्तूशी काय देणंघेणं? पण भाऊजी राहायचे आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर, त्यामुळे माझी सुटका नव्हती.

ही बदलापूरची हकिगत, ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हाची. कुळगावात भातखाचरं बुजवून नुकत्याच सोसायट्या उभ्या राहायला लागल्या होत्या, त्यातली एक दुमजली आमची. भाऊजी अंबरनाथला एका कारखान्यात तपासणी खात्यात अधिकारी. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. घरात ते आणि नलूवहिनी, आणि खाली जिन्यापाशी त्यांची काळी बुलेट.

आता बुलेटवाला म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मिशा आणि दंड आले असतील. ते काढून टाका. भाऊजी पाच फूट उंच होते की नव्हते याबद्दल बिल्डिंगमध्ये दोन मतं होती. गाडी थांबवायची तर पाय टेकायला त्यांना एखादा दगड हेरून ठेवावा लागे. घरात खुर्ची सरकवायची नाहीत, उचलून ठेवायची. कपाटाचं दार लावताना मध्ये हात धरायचे, आवाज होऊ नये म्हणून. आणि बोलायचे इतकं हळू की भाजीवाली नेहमी दुसरंच काहीतरी तोलून द्यायची आणि ते तेच घेऊन घरी यायचे. अशा माणसाला गाडीच्या आवाजाचं वेड लागावं, हे मला कितीतरी वर्षं उलगडत नव्हतं.

एकदा मी आणि नलूवहिनी कापड घ्यायला उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनला गेलो होतो. रिक्षातून उतरलो तर समोरच्या दुकानाच्या पायरीभोवती ही गर्दी. आम्हाला वाटलं कुणी पडलंबिडलं की काय. आत वाकून बघतो तर भाऊजी. गाल फुगवून पुंगळी फुंकताहेत, आजूबाजूला सहा-सात पुंगळ्या मांडलेल्या, आणि दुकानाचा सिंधी मालक हासानंद चहाचा ग्लास हातात धरून त्यांची फुंकर संपायची वाट बघतोय.

"वडी साईं," हासानंद म्हणाला, "गाडी के लिए ले रहे हो या बँड के लिए?"

"ये गले से बोलता है," भाऊजी शांतपणे म्हणाले. "पेट से बोलनेवाला दिखाओ."

"पेट से बोलनेवाला माल ऊपर है," असं म्हणून हासानंद खरोखरच माळ्यावर चढला.

नलूवहिनींनी माझा दंड धरला. "चल गं शैला, हे आमचे नव्हेत," असं म्हणत मला ओढत त्या गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेल्या.

घशातून आणि पोटातून, ही भाऊजींची सगळ्या जगाची वाटणी होती. घशातला आवाज म्हणजे वरवरचा, तडतडणारा, कानाला लागून तिथेच विरणारा. पोटातला म्हणजे खोल, गोल, भिंतीतून जाणारा. निवडणुकीतला एक पुढारी चौकात भाषण करून गेला तर भाऊजी म्हणाले, "घशातला माणूस." माझ्या मुलीने पंधरा ऑगस्टला कविता म्हटली, तेव्हा कौतुक सोडून म्हणाले, "पोटातून म्हणायला शिकवा, वहिनी." ती आठवडाभर ढेरी पुढे काढून कविता म्हणत घरभर फिरत होती.

हासानंद पुंगळ्या पसंतीवर द्यायचा. पाच न्या, चालवून बघा, आवडेल ती ठेवा. मग त्या पाचांची परीक्षा सुरू. पहिला पेपर बारवी धरणाच्या रस्त्यावरच्या चढाचा. त्याला मागे वजन लागायचं, आणि आमच्या ह्यांचं वजन भाऊजींना प्रयोगासाठी अगदी योग्य वाटायचं. हे बिचारे रविवारचा पेपर टाकून पाठीमागे बसायचे.

"नुसतं मोकळं सोडलं म्हणजे जोर येतो असं नाही हो," भाऊजी मला समजावत. "मोकळी केली की आवाज वाढतो, पण चढावर दम तुटतो. फार दाबली तर गुदमरते. थोडं अडवायचं, थोडं सोडायचं."

हे ऐकून मी ह्यांच्याकडे बघायची. हे पेपर तोंडापुढे धरायचे.

दुसरा पेपर आवाजाचा, आणि तो माझ्याकडे. त्यातही भाऊजींची तऱ्हा होतीच. कुणालाही वाटेल की आवाज ऐकायला रस्त्यावर उभं राहायचं. छे. मी आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहायचं. नळ सोडायचा, कुकर चढवायचा, दार लावून घ्यायचं. मग भाऊजी नाल्यावरच्या पुलापर्यंत जाऊन गाडी घेऊन यायचे, आणि आल्याबरोबर विचारायचे, "कुठल्या जागी ऐकू आला? पुलाशी, वडाशी, की फाटकाशी?"

"वडाशी."

"घशातून की पोटातून?"

"पोटातून."

"वरच्या पोटातून की खालच्या?"

माझ्या बीएडच्या तोंडी परीक्षेतसुद्धा मला इतकं कुणी छळलं नव्हतं. शेवटी शेवटी मी काहीही ठोकून द्यायला लागले, तर ते त्यांच्या लगेच लक्षात यायचं. पुन्हा पुलापर्यंत जायचे आणि यायचे.

नापास झालेल्या पुंगळ्यांपैकी ज्या परत जायच्या नाहीत, त्या भाऊजींच्या गॅलरीत तारेला टांगलेल्या असत. नलूवहिनींची धाकटी बहीण पहिल्यांदा आली, तेव्हा तिने एक काढून, घासून, धुऊन तिच्यावर गाजर किसायला घेतलं होतं. "गोल किसणी नवीन निघाली का गं ताई?" म्हणाली. गाजर चांगलं किसलं गेलं, पण हलव्याला जरा पेट्रोलचा वास होता. भाऊजींनी दोनदा मागून घेतला.

नलूवहिनी म्हणजे भाऊजींच्या बरोबर उलट. दणकट बांधा, खणखणीत बोलणं, आणि या गाडीच्या जन्माच्या वैरीण. संध्याकाळी पुलावर गाडीचा आवाज आला की त्यांचा पट्टा सुरू. "आली तोफ," असं म्हणायच्या, हात पुसायच्या, चहाचं आधण ठेवायच्या आणि दाराची कडी काढून कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. भाऊजी जिना चढून येईपर्यंत दार सताड उघडं.

"कळलं सगळ्या कुळगावाला तुम्ही आलात ते," त्या ठणकावायच्या. "माझे तर कान किटले."

आणि भाऊजी हसायचे. रोज. बायकोने पेढा हातावर ठेवावा तसं समाधान त्यांच्या तोंडावर असायचं. मी हे जिन्यातून कितीदा पाहिलंय. मला वाटायचं, हा माणूस जरा येडबंबूच आहे.

शेवटी प्रकरण सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलं. सेक्रेटरी पाटील मूळचे इथल्याच सोनिवली गावचे, शेती सोडून आता विटा-रेतीचा धंदा करणारे, मोकळे गृहस्थ. त्यांनी आपलं सरळ सांगितलं, "भाऊ, त्या गाडीचा कायतरी करा. आमची म्हातारी दचकून उठते."

मग इतरांनी सूर मिळवला. पण सगळ्यात कडक भाषण केलं नलूवहिनींनीच. नवऱ्याविरुद्ध उभं राहून त्या म्हणाल्या, "मी घरात राहते, मला विचारा. पोखरलंय त्या आवाजाने मला. ठराव करा तुम्ही." टाळ्या पडल्या. ठराव झाला, की भाऊजींनी कंपनीचा मूळचा सायलेन्सर त्याच्या मूळच्या जाळीसकट बसवावा, नाहीतर गाडी आवारात आणू नये.

भाऊजी काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" पाटलांनी विचारलं.

"जमणार नाही," भाऊजी म्हणाले.

पाण्याची वेळ बदलली तरी सेक्रेटरीचे आभार मानणारा हा माणूस. मग त्यांना समजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, बाईमाणसाचं ऐकतील म्हणून.

मी गेले तेव्हा भाऊजी आवारात गाडीपाशी उकिडवे बसून सायलेन्सरचा बोल्ट सोडवत होते. मी सरळ विचारलं, "भाऊजी, तुम्हाला एवढा जाड आवाज कशाला हवा हो? आणि दरवर्षी आणखी जाड?"

त्यांनी पान्हा खाली ठेवला. वर गॅलरीकडे बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या कुकरची शिट्टी वर आमच्या घरात येते. आमच्या हिला स्वतःच्या कुकरची ऐकू येत नाही."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसलेच.

"आधी शिट्टी गेली," ते म्हणाले. "मग दारावरची बेल. मग सकाळची पाखरं. बारीक आवाज आधी जातात. आता माझं बोलणं जायला लागलंय. मी मुळात हळू बोलतो, आणि मोठ्याने बोललो तर तिला कळेल की मला कळलंय."

"मग डॉक्टर?"

"कल्याणला नेली होती. डोळे तपासायचे म्हणून नेली. डॉक्टरने कानाचा विषय काढल्याबरोबर उठून बाहेर आली. तिच्या आईला उतारवयात सगळं घर बहिरी म्हणून हसायचं, सुना तिच्या तोंडावर काहीही बोलायच्या. तिने ते पाहिलंय. ती काही कबूल व्हायची नाही." त्यांनी बोल्टला तेल लावलं. "जाड आवाज तेवढे उरलेत. ते ओट्यापाशी पोचतात. ती शिव्या घालत दार उघडते ना, तोवर तिला वाटतं सगळं ठीक आहे. आणि मलाही वाटतं."

"किल्ली असेलच की तुमच्याकडे."

"आहे. कडी बाहेरून किल्लीनेही निघते. पण किल्लीने दार उघडून मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि ती दचकली तर? एकदा झालंय तसं. हातातलं पातेलं सुटलं. ते झाल्यापासून ती दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हती."

मला एकदम सगळं आठवायला लागलं. बेल बिघडल्येय, कडी वाजवत जा, असं नलूवहिनी आम्हाला सांगायच्या. मी पाठमोरी असताना काही बोलले तर नुसतं हसायच्या. मी आपली म्हणायची, तंद्री लागते बाईंची. आणि माझं ते स्वयंपाकघर, बंद दार, सोडलेला नळ. आमच्या दोघींची स्वयंपाकघरं एकावर एक होती, म्हणून माझी परीक्षा. खाली बसून रडावंसं वाटलं मला, पण गच्चीवरून पाटील बघत होते.

पुढच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि म्हटलं, मला काही त्रास होत नाही, उलट गाडी आली की मुलांना अभ्यासाला बसवायची वेळ कळते. सगळ्यांना वाटलं, हिला भाऊजींनी फितवलं.

नलूवहिनी तर खवळल्याच. सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "तुला कमी ऐकू येतं का गं शैला?"

लोक हसले. भाऊजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "असेल बाई, वयाबरोबर होतं कधी कधी." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग पदर सावरून खाली बसल्या.

ठराव तसाच राहिला, फक्त पाटलांनी मुदत वाढवून दिली. त्या मुदतीत भाऊजींनी जी पुंगळी बनवून घेतली, तिला तोड नव्हती. अंबरनाथच्या एका लेथवाल्याकडे बसून, एका नळीत दुसरी नळी, पुढच्या अर्ध्या भागाला काचेचा कापूस गुंडाळलेला, भोकं मागच्या अंगाला. तडतड सगळी गेली. उरली ती एक खोल घरघर, जी पाटलांच्या म्हातारीला दचकवायची नाही पण भिंतीतून जायची. ओट्यावर हात ठेवला तर हाताला लागायची. चढावरही गाडी दमली नाही, असं आमच्या ह्यांनी प्रमाणपत्र दिलं. पहिल्या संध्याकाळी मी खाली उभी होते. गाडी वडापाशी आली आणि वरून कडी निघाल्याचा आवाज आला.

"तोफ गेली आणि आता पिठाची गिरणी आणलीत का दारात?" नलूवहिनी कडाडल्या.

भाऊजींनी त्या दिवशी बिल्डिंगभर पेढे वाटले. कशाचे म्हणून कुणी विचारलं तर म्हणाले, "गाडी पास झाली."

ते एक वर्ष छान गेलं. पाटील खूश, गिरणी रोज येत होती, नलूवहिनी रोज भांडत होत्या. मग पावसाळ्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की आवाज पुन्हा वाढतोय. भाऊजींनी आधी कापूस काढला. मग आतली नळी काढली. कडी आधी वडाशी निघायची, ती फाटकाशी निघायला लागली, मग जिन्याशी. पाटील मला जिन्यात गाठून म्हणाले, "वहिनी, परत सुरू झालं का यांचा?" मी म्हटलं, थोडे दिवस थांबा.

आणि एका संध्याकाळी मी नलूवहिनींकडे मेथी निवडायला बसले होते. त्या मला नागपूरच्या विहीणबाईंचं काहीतरी सांगत होत्या, मोठी रंगून. तेवढ्यात पुलावर गाडी आली. आणि काय आवाज तो. पुंगळीच काढून टाकली होती भाऊजींनी, नुसती उघडी गाडी. खिडकीच्या काचा थरथरल्या, फडताळातल्या बशा वाजायला लागल्या, समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. वडापाशी आली, फाटकातून आली, खाली येऊन थांबली.

नलूवहिनी सांगत होत्या, "...तर विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे पुरणात सुंठच घालतात."

आले हं भाऊजी, एवढं मला म्हणता आलं असतं. अगदी ओठावर आलं. पण त्यांना ते कुणी सांगायला नको होतं, हेच तर सगळं होतं. मी मेथीची पानं खुडत राहिले. जिन्यावर पावलं वाजली. दाराची कडी एकदा हलकीच वाजली, आणि मग वाजली नाही. खिशात किल्ली असून हा माणूस बाहेर नुसता उभा होता.

"निघते मी, पोळ्या टाकायच्यात," असं नलूवहिनींच्या समोर जाऊन म्हणाले, आणि जायच्या निमित्ताने मीच दार उघडलं.

भाऊजी माझ्याकडे बघायला तयार नव्हते. माझ्या खांद्यावरून ते आत बघत होते. नलूवहिनींनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अगंबाई, आलात? आज गाडी कशी गुपचूप आणलीत, पत्ता लागू दिला नाहीत. अशी आणावी. इतकी वर्षं कंठशोष करत्येय, शेवटी पटलं ना तुम्हाला?"

"पटलं," भाऊजी म्हणाले, आणि मान डोलावली, तिला दिसेल अशी.

रविवारी त्यांनी कंपनीचा सायलेन्सर मूळच्या जाळीसकट बसवला. गॅलरीतल्या तारेवरच्या पुंगळ्या पोत्यात भरून हासानंदला देऊन आले. "साईं, हमसे नाराज हो क्या?" असं तो विचारत होता म्हणे. पाटलांनी मीटिंगमध्ये त्यांचे जाहीर आभार मानले. गाडी आता केव्हा यायची आणि केव्हा जायची, आम्हाला कळेनासं झालं. संध्याकाळ झाली की मला उगाच चुकल्यासारखं व्हायचं.

पहिल्या दिवशी मी त्यांना जिना चढताना पाहिलं. हातात किल्ली काढून धरली होती. वरच्या वळणावर पोचले आणि थांबले. दार उघडं होतं. चहाचा वास खालपर्यंत आला होता.

दुसऱ्या दिवशीही उघडं. तिसऱ्या दिवशी मी विरजणाचं निमित्त करून वर गेले. नलूवहिनींनी वेताची खुर्ची आतून उचलून गॅलरीत मांडली होती, जिथून नाल्यावरचा पूल दिसतो बरोबर तिथे. मांडीवर निवडायला घेतलेले तांदूळ, पण डोळे तांदळावर नव्हते. थंडीचे दिवस होते, डोंगराकडून बोचरा वारा येत होता.

"वहिनी, इथे गारठ्यात कशाला बसलात?" मी मागून विचारलं.

त्या पुलाकडे बघत राहिल्या. मी समोर गेले आणि पुन्हा विचारलं.

"घरात फार उकडतंय गं," असं म्हणून त्यांनी अंगावरची शाल कानांवर ओढून घेतली.

"हो ना," मी म्हटलं, "फारच उकडतंय," आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.